उलटा फिरवलेला पंप

आमच्या वन्संना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीला, सगळी गल्ली टर्बाइनबाई म्हणते. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही, पण पाठ वळली की म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक आहे आणि आतून आवडतं. फक्त कोणी टर्बाइनला पंखा म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. एकदा शेजारच्या मास्तरीणबाई बोलता बोलता म्हणून गेल्या, म्हणजे तो मोठा पंखाच ना. झालं. आमच्या बेकरीत पाव घ्यायला आलेल्या त्या बिचारीला वन्संनी काउंटरपाशी धरून ठेवलं आणि फरक समजावून दिला, तोवर पाव गार झाले.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा नणंद म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक चित्र होतं: स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघणारी, माझ्या हाताच्या मिठाला नावं ठेवणारी. आणि दारात उभी कोण, तर निळ्या डगल्यातली, कोपरापर्यंत ग्रीस लागलेली, खिशातून पाना डोकावणारी बाई. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर तुझ्या माहेरी नळाला पाणी जोरात येतं का. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. माझं ते मत आजही फारसं बदललेलं नाही.

वन्सं डोंगरातल्या पॉवरहाऊसमध्ये फिटर होत्या. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत होत नाही अशा गोष्टी जगात फार थोड्या आहेत. सकाळी डबा घेऊन त्या डोंगर चढायच्या, संध्याकाळी उतरायच्या, आणि जेवताना टर्बाइन. भाताचा पहिला घास, टर्बाइन. शेवटचा घास, टर्बाइन. आमचे हे जन्माचे मितभाषी. बहीण काहीही बोलली तरी ह्यांचं उत्तर 'हं'. मग ऐकायला राहिले कोण? मी. त्यामुळे बेकरीच्या काउंटरवर बसणाऱ्या ह्या बाईला टर्बाइन म्हणजे काय ते आज कोणीही झोपेतून उठवून विचारावं.

पंखा वीज खातो आणि हवा ढकलतो. टर्बाइन त्याच्या बरोबर उलट. आयतं वाहत आलेलं काहीतरी, पाणी असो, वारा असो, वाफ असो, ते तिला ढकलतं आणि तिच्याकडून काम होतं. वन्संच्या पॉवरहाऊसमध्ये वरच्या तळ्याचं पाणी मोठ्या पाइपातून डोंगर उतरून यायचं आणि शेवटी एका तोटीतून अशी धार सुटायची की तिच्यात काठी धरली तर काठी हातात राहणार नाही. ती धार एका चाकावर बसायची. चाकाच्या कडेला सगळीकडून वाट्या. धार वाटीत शिरते, वाटीच्या पोटातून फिरते आणि आल्या बाजूलाच माघारी वळते. त्या वळण्यातच खरी गंमत आहे, असं वन्सं म्हणायच्या. सपाट फळीवर पाणी आपटलं तर नुसतं बाजूला उडतं, फळीला एक धक्का बसतो, संपलं. पण त्याला माघारी फिरवलंत तर येतानाचा धक्का आणि जातानाचाही धक्का, दोन्ही तुमचे. चाक फिरलं की त्याचा शाफ्ट फिरतो, शाफ्टला जोडलेलं यंत्र फिरतं, आणि मग खाली गावात तुम्ही दिवा लावून म्हणता, वीज आली.

त्यांची आणखी एक सवय होती. पॉवरहाऊस बघायला पाहुणे यायचे आणि फिरत्या चाकाकडे आ वासून बघत राहायचे. वन्सं त्यांना हाताला धरून मागच्या बाजूला न्यायच्या आणि चाकाखालून बाहेर पडणारं पाणी दाखवायच्या. टर्बाइन कशी आहे ते चाकाकडे बघून कळत नाही, सोडलेल्या पाण्याकडे बघून कळतं. पाणी दमून, पाय ओढत बाहेर पडलं पाहिजे. बाहेर पडतानाही ते उड्या मारत असेल तर समजायचं की तुम्ही त्याच्याकडून नीट काम करून घेतलं नाही, त्याचा जोर तसाच वाहून चालला. हे ऐकल्यापासून आमचे हे दुपारी शीळ घालत घरात शिरले की मला संशय येतो.

तर अशा ह्या वन्सं. आणि एक दिवस त्यांचं काम संपलं. पॉवरहाऊस बंद पडलं नाही, उलट छान चालू आहे, पण आता दूर शहरात कोणीतरी खुर्चीत बसून ते चालवतो म्हणे. दुरुस्ती निघाली की गाडीतून माणसं येतात, करतात, जातात. जागेवर फिटर लागत नाही. निवृत्तीचं वय जवळ आलंच होतं, तेव्हा त्यांना हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, चार शब्द बरे बोलले आणि घरी पाठवलं.

घरी बसलेल्या वन्सं मी पाहिलेल्या नव्हत्या. देवा, कोणाला दाखवू नये. पहिले काही दिवस त्यांनी घरातले सगळे नळ उघडून पुन्हा बसवले. मग बेकरीचे दरवाजे करकरतात म्हणून बिजागऱ्यांना तेल घातलं, इतकं की दरवाजे वाऱ्याने आपोआप उघडायला लागले. मग स्वयंपाकघरात माझ्या कुकरसमोर स्टूल घेऊन बसल्या. शिट्टी झाली की हळहळायच्या, वाफ फुकट चालली म्हणून. एवढ्या वाफेवर एक छोटं चाक सहज फिरेल, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, कुकरला हात लावलात तर बघा, भात खायचाय मला. तेव्हा हसल्या. पण नंतर नंतर त्यांनी कुकरकडे बघणंही सोडलं. जेवण कमी झालं. निळा डगला धुऊन, घडी घालून कपाटात गेला. खिडकीत बसून रस्त्याकडे बघायच्या, आणि काय बघताय विचारलं तर म्हणायच्या, काही नाही.

आणि मग पुतण्याचा फोन आला. थोरल्या दिरांचा मुलगा दूर एका मोठ्या शहरात राहतो. आत्या, तू आमच्याकडे ये, म्हणाला. स्वतंत्र खोली आहे, बाल्कनी आहे, मुलांनाही सोबत होईल. पोरगा चांगला आहे, मनापासून बोलावत होता. वन्संनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं की महिनाअखेर जाते. ह्यांनी 'हं' म्हटलं. मी पिठाचं घमेलं आपटलं.

मला राग आला होता. लोकांना वाटेल, नणंद जाते म्हटल्यावर भावजय पेढे वाटेल. पण माझ्या डोळ्यांसमोर ती बाल्कनी उभी राहिली, आणि त्या बाल्कनीत खुर्ची, आणि खुर्चीत आमच्या वन्सं, खाली कपडे वाळत घातलेले बघत बसलेल्या. ही बाई तिथे वर्षभरात म्हातारी होऊन जाईल, हे मला लख्ख दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या नसलेल्या घरात माझं काय होणार होतं? ह्यांच्या 'हं'बरोबर मी एकटी राहणार होते. मी वन्संना विचारलं, इथे काय कमी आहे तुम्हाला. त्या शांतपणे म्हणाल्या, "कमी काही नाही गं. पण इथे माझं काम काय?"

 ह्याचं उत्तर शोधायला मी बाहेर पडले.

आमच्या बेकरीच्या जागी फार पूर्वी लाकूड कापायचा कारखाना होता. तो पाण्यावर चालायचा. कारखाना गेला, पण मागच्या उंच दरडीवरून खाली येणारा पाण्याचा पाट तसाच राहिला. दोन मजली घराइतक्या उंचीवरून ते पाणी उगाच खाली पडतं आणि ओढ्याला मिळतं. आणि आमच्या बेकरीत, पहाटे कणीक मळायच्या वेळेलाच, वीज हटकून जाते. मळायचं यंत्र थांबतं, ह्यांचं तोंड पडतं आणि मग आम्ही दोघं हातांनी मळत बसतो. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे एकीकडे ते पाणी आणि दुसरीकडे हे यंत्र, आणि मला काही सुचू नये! सुचलं ते वन्सं जाते म्हणाल्यावर.

पण टर्बाइन आणायची कुठून? वाण्याकडे मिळते थोडीच. म्हणून मी गेले पंपवाल्याकडे.

पंपवाला म्हणजे खालच्या गल्लीतला पंप दुरुस्त करणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दुकान खाली आणि राहायला वरची खोली. माणूस बोलका, हसरा, पण वन्संचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं. त्याचं म्हणणं, पाण्याला खाली कोणीही आणील, ते आपोआपच येतं. त्याला वर चढवून दाखवा, तर मर्दुमकी. ह्यावर वन्सं म्हणायच्या की वीज जाळून पाणी वर फेकण्यात कसली आली मर्दुमकी. रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही असं बोलून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मला वाटायचं, ह्यांचं हाडवैर आहे. मी बेकरीवाली, मला पावातलं कळतं, माणसांतलं उशिरा कळतं.

मी त्याला सगळं सांगितलं, बाल्कनीसकट. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं. मग तो उठला आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या पंपावरचं पोतं काढलं. कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायलाच आलं नव्हतं. म्हणाला, पंपाच्या पोटातही पात्यांचं चाकच असतं. मोटर ते फिरवते आणि ते पाणी वर ढकलतं. आता मोटर काढून टाका आणि जिथून पाणी बाहेर जातं तिथून वरचं पाणी आत घाला. पाणी चाकाला उलटं फिरवेल आणि जिथून आत येतं तिथून बाहेर पडेल. झाली टर्बाइन.

मी हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या खिडकीत होत्या. मान वळली. पंपाने? पंपाला उतार शिकवणार तो? पण चालेल, म्हणाल्या, चालतं तसं, ऐकलंय मी, खऱ्या टर्बाइनइतकं नाही, पण चालतं. मग दरड किती उंच, पाट किती रुंद, पाणी बारमाही आहे का, असं काय काय विचारायला लागल्या. मी म्हटलं, मला काय विचारता, जाऊन बघा. कपाट उघडल्याचा आवाज आला. डगला बाहेर आला होता.

पुढचे दिवस आमच्या मागच्या अंगणात जे चाललं ते बघायला मी काउंटर सोडून सारखी मागे पळत होते. पंपवाला पंप घेऊन आला. वन्संनी वर पाटाच्या तोंडाशी जाळी बसवली, पाला अडकायला. तिथून जाड पाइप खाली आणला, जमेल तितका सरळ, कारण प्रत्येक वळणावर पाण्याचा जोर थोडा थोडा मरतो. शाफ्टवर छोटी पुली, मळायच्या यंत्राला मोठी, मधे पट्टा, म्हणजे पंप जोरात फिरला तरी कणीक मळणारा लोखंडी आकडा बेताने फिरेल. आणि प्रत्येक गोष्टीवर भांडण. पाइप इथे टेकवा, तिथे टेकवा. पान्याला पाना लागायचा. मी चहा नेऊन ठेवायचे, तो भांडणात गार व्हायचा. पण वन्सं जेवायला लागल्या. एक दिवस दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मी वाढताना मान खाली घातली, माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून.

पुतण्याकडे जायचं मात्र ठरलेलंच होतं. हे लावून देते आणि जाते, असं त्या सांगत होत्या. मी मनात म्हणत होते, एकदा चालू होऊ दे, मग बघू कशा जाता. ते चालवायला, जाळी साफ करायला, तेलपाणी बघायला कोण आहे इथे?

चालू करायच्या दिवशी पहाटे अंगण भरलं. मास्तरीणबाई आल्या, टपालवाला आला, लोखंड कातून देणारा लेथवाला आला, त्याच्या दोन्ही सुना आल्या. ह्यांनी मोठ्या उत्साहाने, म्हणजे एकदा 'हं' म्हणून, दिवसभराच्या पावाचं सगळं पीठ यंत्रात ओतलं. वन्संनी व्हॉल्व्हवर हात ठेवला. हळूहळू उघडला. पाइप थरथरला. पंपाने आत कुठेतरी घसा खाकरला आणि पुली फिरायला लागली, उलटी. पट्टा ताणला गेला, पलीकडे आकडा वळला आणि कणीक डब्याच्या भिंतीवर थपाथप आपटायला लागली. वीज गेलेलीच होती! टाळ्या पडल्या. पंपवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आणि वन्सं कुठे? त्या खाली वाकून पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. दमतंय, म्हणाल्या, बऱ्यापैकी दमतंय.

थोडा वेळ सगळं झकास चाललं. मग आतून खडखड सुरू झाली, एकदम वाढली, आणि आकडा थांबला. पण पाणी थांबलं नाही. उलट आता ते उसळून, उड्या मारत, अंगणभर उडायला लागलं. वन्सं ओरडल्या, पाण्याने काम सोडलं, बंद करा. पंपवाल्याने व्हॉल्व्ह गच्च बंद केला. 

पंप उघडला तेव्हा कळलं. आतल्या चाकाला पुढून धरून ठेवणारा एक नट असतो. तो निघून आला होता. चाक शाफ्टवरून घसरून पुढच्या झाकणावर घासत बसलं होतं. आता गंमत ऐका. पंपातला तो नट अशा आट्याचा असतो की पंप नेहमीच्या दिशेने फिरला की पाणीच त्याला आवळत जातं. म्हणून पंपवाले त्याच्याकडे कधी बघत नाहीत, त्याची काळजी चालता चालता आपोआप घेतली जाते. आणि आम्ही पंप फिरवला होता उलटा. मग पाणी तोच नट सोडवत बसलं. वन्संच्या टर्बाइनला चाक धरायला बोल्टांचं कडंच असतं आणि प्रत्येक बोल्टमागे तो फिरू नये म्हणून पत्री, म्हणजे पत्र्याची पातळ चकती, वाकवलेली असते. नुसत्या पाण्याच्या भरवशावर कोणी नट सोडतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. पंपवाल्याला वन्संना विचारायचं सुचलं नाही, वन्संना पंपवाल्याला विचारायचं सुचलं नाही. दोघंही आपापल्या कामात पक्के, म्हणूनच दोघंही फसले.

पण अर्धवट मळलेल्या कणकेला हे कोण सांगणार? ती फुगायला कोणाची वाट बघत नाही. मी बाह्या सरसावल्या आणि जमलेल्या सगळ्यांवर तोंड सोडलं. टाळ्या वाजवायला आला होतात ना, आता हात धुवा आणि या. मास्तरीणबाईंनी बांगड्या काढल्या. टपालवाल्याने थैली खुंटीला अडकवली. लेथवाल्याच्या सुनांनी तर शर्यतच लावली. पंपवाल्याला मी साबणाने तीनदा हात धुवायला लावले, तरी त्याच्या वाटचे पाव थोडे करडेच निघाले. त्या दिवशीचे पाव वाकडेतिकडे, एखादा लांब, एखादा बसका. सगळे खपले, कारण ज्याने त्याने आपण मळलेला ओळखून मागून घेतला. इतकी हसले मी त्या दिवशी की पोट दुखलं.

फक्त वन्सं हसल्या नाहीत. त्या मुकाट्याने मळत होत्या. संध्याकाळी त्यांच्या खोलीत डोकावले तर बॅग उघडी आणि कपडे घडी घालून आत जात होते. उद्याच जाते, म्हणाल्या. महिनाअखेरीची वाट कशाला बघायची. एवढी वर्षं काम केलं आणि एक नट बघता आला नाही, आता मला काम नको आणि कामाला मी नको. मला त्यांचा असा राग आला! समजूत घालायची सोडून मी भांडले. म्हटलं, आणि ते मागे पसरलेलं भंगार कोण उचलणार? त्या म्हणाल्या, पंपवाल्याचं आहे, तो उचलेल. 'जाऊ नका' हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच अडकले. मी दार आपटून बाहेर आले.

सकाळी गाडीच्या वेळेआधी वन्सं बॅग घेऊन बेकरीत आल्या. ह्यांनी बॅग उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून हातातच धरली. तेवढ्यात पंपवाला आला. कापडात गुंडाळलेला शाफ्ट आणि चाक त्याच्या हातात. डोळे लाल. त्याने बॅगेकडे एकदा पाहिलं. पिठाने माखलेल्या टेबलावर चाक ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमच्याकडे चाक कसं बांधतात ते मला दाखवता का? मला येत नाही."

इतक्या वर्षांत ह्या माणसाने वन्संना काही विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं, आणि वन्संनीही त्याला फक्त सांगितलंच होतं.  वन्संनी टेबलावरच्या पिठात बोटाने रेघ ओढली. हा शाफ्ट. हे चाक. शाफ्टवरचे आटे आणि नट, दोन्ही उलट्या आट्याचे करून घ्यायचे, म्हणजे उलटं फिरताना नट आवळला जाईल. पण तेवढ्यावर भरवसा नाही ठेवायचा, मागे पत्री घालायची आणि तिचा कान नटावर वाकवायचा. तो म्हणाला, मग इथे खाच लागेल. त्यानेही पिठात रेघ ओढली. वन्सं म्हणाल्या, खाच नको, शाफ्ट कमजोर होईल. तो म्हणाला, होत नाही. झालं सुरू. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला आणि लांब गेला. दोघांनाही ऐकू आला नाही. ह्यांनी बॅग हळूच आत नेऊन ठेवली, आणि जाता जाता माझ्याकडे बघून चक्क एक वाक्य बोलले. म्हणाले, टेबल पुसू नकोस.

लेथवाल्याने शाफ्टवर उलटे आटे पाडून तसाच नट करून दिला. पंप पुन्हा लागला. ह्या वेळी मी कोणाला बोलावलं नाही. आकडा फिरला, फिरतच राहिला, आणि वन्संनी बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घालून तो बराच वेळ तसाच ठेवला. आज वीज असो नसो, आमची कणीक पाणी मळतं. पुतण्याला फोन गेला की आत्या सुट्टीत येईल, राहायला नाही. मग वरच्या वस्तीतल्या दूधवाल्याला घुसळायला असंच काही हवं झालं. सुतारालाही रंधा फिरवायला हवं झालं. वन्सं आणि पंपवाला पंप उलटे करत गावभर हिंडायला लागले. लोक हसायचे, बोलवायचे आणि चहा पाजायचे. मी जिंकले होते. वन्सं राहिल्या होत्या, डगला मळत होता, जेवताना पुन्हा टर्बाइन होती.

पंपवाला रोज पाव घ्यायला यायला लागला, एकटा माणूस, दोन माणसांचे पाव. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, घ्या.

एका दुपारी गिऱ्हाईक नसताना वन्सं माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या. हाताला ग्रीस होतं, ते फडक्याने पुसत होत्या, आणि पुसून झालं तरी पुसतच होत्या. म्हणाल्या, पंपवाल्याने विचारलंय. दुकानावरच्या खोलीत राहायला ये म्हणून. रीतसर, लग्न करून. ह्या वयात लोक काय म्हणतील ते म्हणोत, त्याचं काही नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "म्हटलं, घरी विचारून सांगते. म्हणजे तुला. तू नको म्हणालीस तर नाही जायची मी."

कधी कोणाला काही न विचारणारी बाई. नोकरी विचारून धरली नाही, लग्न न करायचं विचारून ठरवलं नाही, पुतण्याकडे जायचंही नुसतं सांगितलं. आणि आज, जे मला हवं होतं ते एका शब्दावर मिळत होतं. नको म्हटलं की झालं. खालची गल्ली इथून दगड मारला तर लागेल इतकी जवळ, पण जेवायला रात्री इथे कोणी नसणार होतं, आणि कुकरची शिट्टी ऐकून हळहळणारंही कोणी नसणार होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या फडक्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर मी आजवर कधी न पाहिलेली भीती होती. मी नको म्हणेन ह्याची भीती.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "बसलात काय? जाऊन सांगा त्याला."

वन्संनी मान वर केली. माझा आवाज फार चढला असावा. त्यांनी हळूच विचारलं, "रागावून सांगतेस का गं?"

"हो, रागावूनच सांगते," मी म्हटलं. "प्रेमाने सांगायला गेले, तर तोंडातून 'राहा'च निघेल."